उरलेले सतरा रिव्ह्यू

१

ताईचा फोन आला तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती.

"चोरी झालीय," ती म्हणाली. "असशील तसा निघून ये."

असलो तसाच निघालो. विमा कंपनीत तपासनीस म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आग लागली, गाडी दरीत गेली, दागिने चोरीला गेले असं सांगणाऱ्या माणसांसमोर बसायचं आणि ते खरं बोलतायत का हे बघायचं, हे माझं काम. त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला असं बायको म्हणते. ती असं का म्हणते याचाच मला संशय आहे.

ताईच्या हॉटेलचं शटर वर होतं. कुलूप शाबूत, गल्ला शाबूत. अकरा टेबलांवर धुतलेले टेबलक्लॉथ घातलेले. आतून सूपला फोडणी दिल्याचा वास येत होता, म्हणजे आचारीही जागेवर होता.

"काय गेलं?" मी विचारलं.

ताईने काउंटरवरचा टॅब माझ्याकडे फिरवला. "सगळे गेले. आठवडा झाला. रात्री होते, सकाळी बघते तर नाहीत. येतील परत म्हणून थांबले."

टॅबवर ते रिव्ह्यूचं पान उघडं होतं. गिऱ्हाइकं जेवून गेल्यावर हॉटेलला तारे देतात आणि वर चार ओळी लिहितात, ते. ताईच्या हॉटेलचे चारशेच्या वर रिव्ह्यू होते आणि साडेचारच्या पुढे तारे. आता रिव्ह्यू उरले होते सतरा, आणि ताऱ्यांचा आकडा दोनच्याही खाली आला होता.

"ताई, याला चोरी म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

मी टॅबवर बोट फिरवून यादी खाली-वर केली.

"पोलिसांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "हसले ते. तू पण हस."

मी हसलो नाही, कारण तिला तारे नको होते हे मला ठाऊक होतं. भावोजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. हॉटेल दोघांचं, पण रिव्ह्यूंचं खातं भावोजींचं. आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला ते स्वतः उत्तर लिहायचे, आणि बोलायचे तसंच लिहायचे. कोणी लिहिलं, 'पुडिंग अप्रतिम, पण वाटी लहान.' त्याखाली भावोजी: 'वाटी लहान नाही, आपलं पुडिंगवरचं प्रेम मोठं आहे. पुढच्या वेळी दोन वाट्या.' ते गेल्यापासून ताई रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, काउंटरवर बसून त्यातली चार-पाच उत्तरं वाचायची. रिव्ह्यू गेले आणि त्यांच्याखालची उत्तरंही गेली.

"फोटोत माणूस गप्प असतो रे," ती म्हणाली. "इथे बोलत होते. ते मला परत आणून दे, बाकी काही नको."

मी खुर्ची ओढली. "कोणावर संशय आहे?"

"संशय कसला? मला माहीत आहे." आणि तिने काचेतून समोरच्या हॉटेलकडे बोट दाखवलं.

२

समोर जायच्या आधी मी चहा मागवला आणि टॅब पुढ्यात घेतला. विम्याच्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो. घरफोडी झाली की काय गेलं ते सगळेच सांगतात. चोराने काय ठेवलं ते बघायचं. ज्याने दागिने नेले आणि कपाटातलं औषध तेवढं जागेवर ठेवलं, तो घरातलाच असतो.

उरलेले सतरा मी एक-एक करून वाचले. चौदा वाईट होते. कोणाला टेबल मिळायला उशीर झाला होता, कोणाला मासा कोरडा लागला होता, आणि एका महाभागाने 'गाडी लावायला जागा नाही' म्हणून जेवणाला एक तारा दिला होता. असल्या माणसांच्या भरवशावर जग जेवायला कुठे जायचं ते ठरवतं, हे बघून मला माझ्या जुन्या धंद्याची आठवण आली. सर्वांत वर, ठळक, एका 'भुकेला प्रवासी' नावाच्या माणसाचा होता. एकच तारा: 'पूर्वी मालक टेबलापाशी येऊन चौकशी करायचे. आता दोनदा आलो, बाहेरसुद्धा आले नाहीत. धंदा वाढला की माणूस चढतो.'

पण उरलेले तीन रिव्ह्यू चांगले होते, आणि इथे माझा चहा थांबला.

एका माणसाचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्याने जेवण घरी मागवलं होतं. त्याखाली भावोजींचं उत्तर: 'पाय बरा झाला की या, नाहीतर मीच टेबल घेऊन येतो.' दुसऱ्याने लिहिलं होतं की हॉटेलात वीज गेली होती, मेणबत्तीत जेवलो, आता बसमध्ये बसून हे लिहितोय. तिसरा एका बाईंचा, चांगला लांबलचक. त्यांच्या आईला त्या शेवटचं बाहेर जेवायला इथे घेऊन आल्या होत्या. आपल्या गावी परतल्यावर, आई गेल्यावर, त्यांनी ते लिहिलं होतं. सगळ्या चारशेंत याहून चांगला रिव्ह्यू नसेल.

"वैऱ्याने हा ठेवला असता?" मी ताईला विचारलं. "मी वैरी असतो तर आधी हा काढला असता."

"घाईत राहिला असेल."

"बरं, गेलेल्यांत एखादा वाईट होता का?"

ताईला चारशेच्या चारशे पाठ असावेत. "होता की. सूप गार आहे म्हणून एक माणूस तावातावाने काउंटरवर आला होता. ह्यांनी त्यालाच टॅब दिला, म्हणाले, गार तर गार लिहा. लिहिलं त्याने. आणि ह्यांनी खाली उत्तर दिलं, 'सूप गार होतं हे खरं, मी गप्पा मारत बसलो म्हणून. पुढच्या वेळी सूप आधी, मी नंतर.'" बोलताना ती हसली.

ती भावोजींची पद्धतच होती. बिल छापून येईपर्यंत गिऱ्हाइकापुढे टॅब सरकवायचा. त्यावर आपला फोन नंबर टाकायचा, फोनवर आकडे येतात ते भरायचे, आणि लिहायचं. लिहिणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून भावोजी तेवढा वेळ शिक्षा झालेल्या मुलासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "मी बघत नाही, होऊ द्या मनासारखं," म्हणायचे. लोकांना त्याचीच इतकी मजा वाटायची की न लिहिता कोणी जात नसे.

म्हणजे चोराने एक वाईट नेला होता आणि एक सर्वांत चांगला ठेवला होता. असा वैरी मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात ताईचा जावई आत आला. त्याचं दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं दुकान आहे, आणि भावोजी गेल्यापासून हॉटेलचं ते ऑनलाइन खातं, मेल वगैरे तोच बघतो. मला टॅब घेऊन बसलेला बघून त्याचा चेहरा पडला.

"मामा, तुम्ही कशाला यात पडता?" तो म्हणाला. "हे असं होत असतं. जाऊ द्या ना."

ज्या माणसाने आयुष्यभर विम्याचे दावे तपासले, त्याला 'जाऊ द्या' म्हणणाऱ्याकडे आधी बघायची सवय असते.

३

समोरच्या हॉटेलवाल्याला सगळी गल्ली चकाचक म्हणते. त्याच्या काचा चकाचक, वेटरचे बूट चकाचक, आणि दारावर सोनेरी रंगात पाच तारे काढलेले. आत टेबलं मात्र निम्मी रिकामी होती.

"या साहेब," तो म्हणाला. "तुमच्या ताईंचं कळलं. माझ्यावरच आळ असेल."

"आहे."

"असणारच. पण मी तुम्हाला एक सांगू? मी त्यांचे घालवले असते, तर माझी गर्दी वाढायला हवी होती. बघा बरं." त्याने हात फिरवला. "गिऱ्हाईक इकडे आलंच नाही. त्यांची माणसं घरीच जेवायला लागली."

"पण तुमचे तारे तर पाच आहेत."

चकाचकने आजूबाजूला बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "विकतचे आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "इथे एक तारेवाला आहे, तो देतो. एकदा घ्यायला लागलं की थांबता येत नाही. थांबलं की खरे रिव्ह्यू दिसायला लागतात." त्याला याची लाजही वाटत नव्हती आणि अभिमानही. थकलेला माणूस होता तो. "मी स्वतः बाहेर जेवायला जातो ना, तेव्हा तारे बघत नाही. मागच्या दाराने जाऊन कचऱ्याचा डबा बघतो. ताटात किती टाकलंय ते तिथे कळतं. तुमच्या ताईंचा डबा माहिताय? नुसती हाडं असतात."

वैऱ्याने केलेली एवढी स्तुती मी आजवर ऐकली नव्हती. मी उठलो.

"साहेब, बाहेर शोधू नका," तो म्हणाला. "परवा तुमचे जावई आले होते माझ्याकडे. ताईंची जागा घेता का, म्हणून विचारत होते."

४

मी जावयाकडे लगेच गेलो नाही. आपल्याच माणसावर आरोप करायचा असेल तर तो कसा केला हे आधी कळलेलं बरं. म्हणून चकाचककडून पत्ता घेऊन मी तारेवाल्याकडे गेलो.

लाँड्रीच्या वरची खोली. खालून इस्त्रीची वाफ येत होती. तारेवाला चाळिशीचा, गुबगुबीत, नम्र. मी नवीन हॉटेल काढतोय असं सांगितलं. त्याने माझी अर्धी दाढी बघितली आणि काही बोलला नाही. धंद्यातला माणूस.

"आमच्याकडे माणसं घरोघरी आहेत, काका," तो म्हणाला. "कोणी रिटायर्ड मास्तर आहेत, कोणी बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. सगळी चांगल्या घरची. एक मास्तर तर असं लिहितात की मलाच भूक लागते."

"जेवतात कुठे ते?"

"आपापल्या घरी."

मी त्याला लिहायचं कसं ते विचारलं. त्याला ते फार आवडलं. कलाकाराला त्याची कला विचारल्यावर खुलतो तसा तो खुलला. "नुसती स्तुती करायची नाही. चार गोष्टी चांगल्या, आणि एक बारीकशी खोट काढायची. पंखा आवाज करत होता, वेटर जरा अबोल वाटला, असं काहीतरी. खोट काढली की वाचणाऱ्याला बाकीचं खरं वाटतं."

मी तर तीस वर्षं असंच फसलो होतो. सगळं बिनचूक सांगणाऱ्यावर संशय घेतला, आणि अडखळणाऱ्याला पैसे मिळवून दिले.

"आणि पकडले गेले तर? ती रिव्ह्यूवाली कंपनी काढून टाकते म्हणे."

"आमचा एकही आजवर गेलेला नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "का सांगू? प्रत्येक रिव्ह्यू वेगळ्या घरातून, वेगळ्या फोनवरून. एका जागेवरून दुसरा कधी लिहायचा नाही. तिथे माणूस बसलेलाच नाही, काका. यंत्र आहे. त्याला चव कळत नाही. खरं-खोटं कळत नाही. कुठून लिहिलं तेवढं कळतं. एकाच ठिकाणाहून भाराभर आले की ते समजतं, मालकच बसून लिहितोय."

खाली इस्त्रीवाल्याने पाणी मारलं, चर्र झालं. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड करून उभे असलेले भावोजी आले.

चारशे माणसं. चारशे वेगळे नंबर. पण टॅब एकच. काउंटरवर लिहिलेले ते सगळे गेले, सूप गार म्हणणाऱ्यासकट. आणि राहिले कोण? प्लास्टरवाला घरी होता. बसमधल्याच्या वेळी वीज गेल्याने हॉटेलचं नेट बंद होतं, टॅब चालत नव्हता. बाईंनी त्यांच्या गावाहून लिहिलं. आणि चौदा रागावलेले. रागावलेला माणूस मालकासमोर उभा राहून क्वचितच लिहितो, तो घरी जातो, बूट काढतो आणि मग लिहितो. चोराने चांगलं-वाईट बघितलंच नव्हतं. त्याने फक्त जागा बघितली होती. खरी माणसं एका जागी लिहीत होती म्हणून खोटी ठरली, आणि खोटी घरोघरी पसरलेली म्हणून खरी राहिली.

कोडं सुटल्यावर मला नेहमी भूक लागते. या वेळी लागली नाही.

"पण मग हे यंत्र इतकी वर्षं गप्प कसं बसलं?" मी विचारलं. हे मी स्वतःलाच विचारत होतो, पण उत्तर त्याने दिलं.

"ते आपणहून उठत नाही, काका. कोणीतरी तक्रार करावी लागते. हा रिव्ह्यू खोटा आहे म्हणून एकाने बोट ठेवलं, की ते त्या हॉटेलचे सगळेच्या सगळे चाळतं."

म्हणजे बोट ठेवणारा कोणीतरी होता.

५

जावयाच्या दुकानामागे डोळे तपासायची अंधारी खोली आहे. समोर अक्षरांचा तक्ता, त्यावर दिवा. त्याने मला गिऱ्हाईक समजून खुर्चीत बसवलं. मग ओळखलं आणि हातातली भिंगं खाली ठेवली.

"जावईबापू," मी म्हणालो, "ताईला हॉटेल बंद करून तुमच्या घरी राहायला या म्हणून तुम्ही सहा महिने मागे लागलाय. परवा चकाचकला जागा विचारून आलात. खात्याची चावी तुमच्याकडे. मी टॅब हातात घेतला तर तुमचा चेहरा उतरला. आता मी सांगतो कसं झालं ते, चुकलं तर थांबवा."

आणि मी त्याला टॅब, बस, प्लास्टर, गार सूप सगळं ओळीने सांगितलं. त्याने कुठेच थांबवलं नाही.

"बोट तुम्ही ठेवलंत," मी म्हणालो.

"नाही, मामा."

"मग कोणी?"

त्याने भिंगं पुसून पेटीत ठेवली. "रिव्ह्यू गेले त्याच दिवशी कंपनीचा मेल माझ्याकडे आला. तुमच्या तक्रारीवरून तपासणी केली, असं लिहिलं होतं. तुमच्या म्हणजे हॉटेलच्या. तक्रार हॉटेलच्याच टॅबवरून गेली होती."

मला ते लगेच कळलं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

"त्या भुकेल्या प्रवाशाचा रिव्ह्यू आला ना," तो म्हणाला, "बाबांबद्दलचा. बाहेर येत नाहीत, माणूस चढला म्हणून. त्या बिचाऱ्याला बाबा गेल्याचं माहीतच नव्हतं. आईंनी तो वाचला. दिवसभर जेवल्या नाहीत. त्याखाली एक बटण असतं, 'हे खोटं आहे' असं. ते दाबलं त्यांनी. त्यांना वाटलं, कोणीतरी बघेल, चौकशी करेल, आणि तेवढा एक काढून टाकेल."

"आणि यंत्राने तो तपासला."

"तो खरा निघाला. माणूस खरंच दोनदा आला होता, घरून लिहिलं होतं. मग यंत्राने बाकीचे चाळले."

आम्ही दोघं त्या अंधाऱ्या खोलीत बसलो. दुकानात कोणीतरी चष्म्याची फ्रेम बघायला आलं, वाट बघून निघून गेलं.

मी त्याला विचारलं की अर्ज वगैरे केला का. केला होता. रोज करत होता. चारशे माणसं खरी आहेत, त्यांचे नंबर वेगळे आहेत, टॅबची पद्धत अशी होती, सगळं लिहिलं होतं. प्रत्येक वेळी त्याच तीन ओळी परत यायच्या: आपल्या म्हणण्याचा विचार केला आहे, निर्णय कायम आहे, आपला दिवस आनंदात जावो. काढलेलं काही ठेवतात का, निदान बाबांची उत्तरं तरी पाठवाल का, असंही विचारलं. पुन्हा त्याच ओळी. फोन नंबर नाही, ऑफिस नाही, माणूस नाही.

"चकाचकला जागा विचारली ती एवढ्यासाठी की, अशी गिऱ्हाइकं तुटली तर हॉटेल टिकायचं नाही," तो म्हणाला. "तो निदान आचाऱ्याला आणि वेटरला ठेवून घेईल. आईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटू दे समोरच्याने केलं. मामा, तुम्हीपण सांगू नका."

मी त्याच्यावर संशय घेतला होता. हा पोरगा आठवडाभर सासूचं दुःख एकटा झेलत होता, आणि वर माझ्या नजराही.

"माफ कर," मी म्हणालो.

"तक्ता वाचा," तो म्हणाला. "आलाच आहात तर डोळे तपासून टाकू."

६

दुपारी गेलो तेव्हा हॉटेलात एकच टेबल भरलेलं होतं. ताई काउंटरवर होती.

"सापडला?" तिने विचारलं.

"यंत्राची चूक आहे," मी म्हणालो. "कंपनीचं यंत्र आहे. टॅब एकच असल्यामुळे त्याला वाटलं, सगळे एकाच माणसाने लिहिले. समोरच्याचा काही संबंध नाही."

एवढं खरं होतं आणि एवढंच सांगायचं मी ठरवून आलो होतो. खोटं बोलणाऱ्यांचं मी आयुष्यभर ऐकलं, पण स्वतः बोलायला बसलो की माझे कान लाल होतात, हे ताईला मी पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

"टॅब तर ह्यांनी कधीपासून ठेवलाय," ती म्हणाली. "आत्ताच कसं वाटलं त्याला?"

"यंत्र आहे. कधीही वाटतं."

"माझ्याकडे बघ."

मी मिठाच्या डबीकडे बघितलं.

ताई हळूहळू खुर्चीत टेकली. "मी त्या दिवशी ते बटण दाबलं होतं," ती म्हणाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं. तेवढं एक 'नाही' माझ्या तोंडून वेळेवर निघालं नाही, आणि मग उशीर झाला.

ती रडली नाही. हाताने काउंटर पुसत राहिली, तो स्वच्छच होता.

"म्हणजे तो एकटा खरा," ती म्हणाली, "आणि ह्यांची चारशे माणसं खोटी?"

"यंत्राच्या हिशोबाने."

"आणि ते परत नाही येणार."

"नाही, ताई."

तिने मान हलवली. टेबलावरचं गिऱ्हाईक बिल मागत होतं, वेटरने ते नेऊन दिलं. माणूस जाताना म्हणाला, "मासा उत्तम होता, वहिनी." त्याने मनापासून म्हटलं होतं. ताई त्याला हसून म्हणाली, "पुन्हा या." टॅबकडे त्याने बघितलं नाही आणि तिने सरकवलाही नाही.

मग तिने टॅब ओढून घेतला. "निदान त्या प्रवाशाला तरी उत्तर द्यायला हवं," ती म्हणाली. "त्याचं काय चुकलं? तो ह्यांना शोधत होता. दोनदा आला बिचारा. माझ्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. मी उगाच त्याला खोटा म्हटलं."

तिला टाइप करायला वेळ लागतो. एका बोटाने, अक्षर शोधत तिने लिहिलं: 'मालक चढले नव्हते. मालक वारले. तुम्ही आला होतात हे ऐकून त्यांना आनंद झाला असता. पुन्हा या, मी बाहेर येईन.' वाचून बघितलं, 'आनंद' आधी चुकला होता तो दुरुस्त केला. वर्षभरात तिने 'वारले' हा शब्द कुठे लिहिलेला मी पाहिला नव्हता. मरणाच्या दाखल्याच्या अर्जावरसुद्धा तो जावयाने भरला होता.

तिने पाठवायचं बटण दाबलं.

टॅबवर एक चौकोन आला. तिने चष्मा वर करून वाचला, मग माझ्याकडे दिला. खोट्या अभिप्रायांमुळे या हॉटेलला उत्तर देण्याची परवानगी काढून घेण्यात आली आहे, असं त्यात होतं.

"काय म्हणतंय?" तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं.

"पाठवता येणार नाही म्हणतंय."

"पुन्हा करून बघ."

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा केलं.

"तू माणसं शोधायचास ना रे," ती म्हणाली. "हा शोध की. जाऊन सांगून येऊ आपण."

आगी लावून पळालेली माणसं मी दुसऱ्या देशातून शोधून आणली होती. पण या माणसाला नाव नव्हतं, पत्ता नव्हता, चेहरा आम्हाला माहीत नव्हता. तो कुठेतरी आपल्या घरात होता आणि आपल्याला ओळख दाखवली नाही म्हणून भावोजींवर रुसलेला होता. कंपनी त्याचा नंबर देणार नव्हती. मी हे सगळं तिला सांगितलं, शक्य तितक्या सावकाश.

ताईने लिहिलेलं पुसलं नाही. टॅब तसाच उघडा ठेवून ती दाराकडे बघत बसली.

"म्हणजे तो जन्मभर असंच समजणार," ती म्हणाली, "की हे आत बसले होते आणि मुद्दाम बाहेर आले नाहीत?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. बाहेर जेवणाची वेळ संपत आली होती.